धावपट्टीवरचा वळू

परवा पेपरात सावरबेटावर अर्धं पान आलं होतं. 'गोदावरीतला विसरलेला हवाई अड्डा' असा मोठा मथळा, खाली गवतात बुडालेल्या पट्टीचा फोटो, आणि शेवटी लिहिणाऱ्याने ठोकून दिलं होतं की पुराने धावपट्टी खचली म्हणून अड्डा बंद पडला. पुराने! मी पेपर भिरकावून दिला. मग पुन्हा उचलून आणला आणि प्रत्येक ओळ वाचली, कारण त्यात कुठेतरी माझ्या बापाचं नाव असेल असं वेड्यासारखं वाटत होतं. नव्हतं. शेजारची तारामती म्हणाली, "भामाक्का, जाने दो, पेपरवाल्यांना काय कळतंय." मी जाऊ द्यायला तयार नाही. पुढचं सगळं आयुष्य हैदराबादेत, मलकपेठेत काढून मी शेजाऱ्यांशी गोड बोलायला शिकले, पण या बाबतीत माझी जीभ अजून बेटावरचीच आहे.

सावरबेट नांदेडच्या खाली, गोदावरीच्या दोन धारांच्या मधे. लांबोडकं, अरुंद, सपाट. एका टोकाला सावरीची झाडं, आमची वस्ती, पाटलांचा वाडा आणि त्यांच्या गुरांचा वाडगा, बाकी सगळं कुरण. पोलीस ॲक्शननंतर तिकडच्या रस्त्यांची पार दैना होती. नाल्यांवर पूल नव्हते. म्हणून हैदराबादेत बसलेल्या कुठल्यातरी साहेबाच्या डोक्यात आलं की बेटावर विमान उतरवावं. मुरूम टाकला, रोलर फिरवला, पत्र्याची खोली बांधली, वारा कुठून येतो ते कळायला खांबावर कापडी पिशवी टांगली, आणि झाला हवाई अड्डा. आठवड्याला हैदराबादच्या बेगमपेठेहून दोन पंख्यांचं लहान विमान यायचं. टपाल, औषधं, कधी एखादा अधिकारी. उद्घाटनाला हार घालून भाषणं झाली की आता मराठवाड्याचं नशीब उघडलं. ते जेमतेम चार वर्षं उघडं राहिलं.

कुरण हिम्मतराव पाटलांचं होतं. सरकारने ते घेतलं, त्याचे पैसेही दिले, पण पाटलांच्या मनातून ते गेलं नाही. त्याहून जास्त झोंबली ती दुसरी गोष्ट. अड्ड्याचा चौकीदार म्हणून सरकारने माझ्या बापाला, उमाजीला घेतलं. खाकी कोट, हातात काठी, आणि लोखंडी तिकाटण्यावर बसवलेला एक हाताने फिरवायचा भोंगा. विमान यायच्या वेळेला बा तो भोंगा फिरवायचा आणि पट्टीवरची गुरं हाकलायचा. पाटलांची गुरं, पाटलांच्या बापजाद्यांच्या कुरणातून, एक महार हाकलतोय! हिम्मतराव लांब उभे राहून बघायचे आणि थुंकायचे.

छप्पन साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे करायचं ठरलं. मराठी भाग मुंबईकडे, कानडी म्हैसूरकडे, तेलगू आंध्राकडे. नदीच्या अलीकडे एक राज्य, पलीकडे दुसरं. मधलं बेट कुणाचं, हे कुणालाच माहीत नव्हतं आणि कुणाला त्याची पर्वाही नव्हती. ज्याचं नक्की ठरत नाही त्याच्या अड्ड्यावर खर्च कोण करणार? हुकूम आला की अड्डा बंद. ऑक्टोबर संपता संपता शेवटचं विमान येईल, बिनतारी यंत्र आणि ते चालवणारे मुकुंदराव यांना घेऊन जाईल. रोलर आणि जीप आधीच होड्या जोडून पलीकडे गेली होती. बाला बेगमपेठेला चौकीदारी मिळणार होती. आम्ही दोघं मागाहून मोटारीने जाणार होतो. आई मी लहान असतानाच गेली होती, तेव्हा मागे ठेवण्यासारखं आमचं काही नव्हतं.

त्याच महिन्यात बा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. परत आल्यावर वस्तीतल्या सगळ्यांना सावरीखाली बसवलं आणि ठरवलं की यापुढे मेलेलं ढोर ओढायचं नाही. आपल्या दावणीचं जनावर मेलं तर ज्याचं त्याने ओढावं. बा हे पाटलांच्या दारासमोर उभा राहून मोठ्याने सांगून आला. हिम्मतराव पान खात होते. म्हणाले, "ढोर मरू तर दे आधी."

शेवटचं विमान यायचं त्या दिवशी सकाळीच हिम्मतरावांनी सगळा कळप पट्टीवर आणून सोडला. गुरं होती, सहा-सात गडी होते, खांद्याला बंदूक अडकवलेले स्वतः पाटील होते. ती बंदूक रझाकारांच्या दिवसांतली, गाव राखायला घेतलेली. गाव राखून झालं तरी ती खांद्यावरून उतरली नव्हती. बरोबर त्यांचा एकुलता एक मुलगा सूर्यभान होता, माझ्याहून थोडा मोठा, हैदराबादेत शिकणारा, दिवाळीला आलेला. कळपात त्यांचा वळू होता, खिलारी, पांढराशुभ्र, खांदा माणसाच्या छातीला लागेल असा. पंचक्रोशीतल्या गाई त्याच्याकडे यायच्या.

बा म्हणाला, "पाटील, दुपारी विमान हाय. तेवढं उतरू द्या. उद्यापासून कुरण तुमचंच."

"आजपासूनच," हिम्मतराव म्हणाले. "वाजीव तुझा भोंगा. बघू कोन हलतंय."

बाने भोंगा फिरवला. त्याचं कामच होतं ते. गाई-म्हशींना चार वर्षांची सवय, त्या उठून चालू लागल्या. पण गड्यांनी पलीकडून काठ्या आपटून त्यांना पुन्हा पट्टीवर लोटलं. वळू दोन्हीकडून कोंडला. त्याने मान खाली घातली, मुरूम उकरला, आणि समोर जो होता त्याच्यावर गेला. समोर सूर्यभान होता. शिंग पोटात डावीकडून शिरलं. वळूने त्याला उचललं, झटकलं, खाली पाडलं आणि पुन्हा शिंग लावलं. ते पोरगं ओरडलंही नाही, नुसता हुंकार निघाला. हिम्मतराव धावले आणि जवळ जाऊन वळूच्या कानामागे दोन्ही नळ्या रिकाम्या केल्या. वळू गुडघ्यांवर बसला, मग कलंडला, पट्टीच्या ऐन मधोमध. त्याच्या नाकातून रक्ताचे बुडबुडे येत राहिले आणि मग थांबले.

सूर्यभानला बाजेवर घालून पत्र्याच्या खोलीत आणलं. त्याची आई पार्वतीबाई अनवाणी धावत आली. पोटातून जे बाहेर येत होतं ते तिने आत लोटलं, लुगड्याच्या पदराची घडी केली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. होडीने नेऊन पुढे बैलगाडीत घालावं तर त्या रस्त्याच्या धक्क्यांनी तो अर्ध्या वाटेतच संपला असता. मुकुंदराव यंत्रावर ओरडून बोलत होते. मग बाहेर येऊन म्हणाले, "विमान निघालंय. पायलट म्हणतो, पोराला घेतो, थेट दवाखान्यात पोचवतो. पण पट्टी साफ पायजे. ते जनावर मधे असलं तर उतरता येत नाही, बेट अरुंद आहे. दोन-चार घिरट्या मारील आणि परत जाईल, तेलच तेवढं आहे. जल्दी करा."

सगळ्यांनी वळूकडे बघितलं. मग सगळ्यांनी माझ्या बापाकडे बघितलं.

हिम्मतराव म्हणाले, "उम्या, वळू वढ."

बाने डोक्यावरचं मुंडासं काढलं नाही, नेहमी काढायचा. म्हणाला, "पाटील, तुम्ही दोर धरा, मी धरतो. एका दोराला. तुमची मानसं धरतील, आमची धरतील. घडीभराचं काम हाय. पन तुम्ही उभं राहून 'वढ' म्हनाल, तर वढनार न्हाई."

एवढंच होतं हो. एक दोर. सहा-सात गडी, स्वतः पाटील, सगळे बैलासारखे ताकदवान. जिवंत वळूला हेच लोक खरारा करायचे, पोळ्याला त्याच्या पाया पडायचे. पण मेला की त्याला शिवलं तर वाळीत पडायची भीती. एका गड्याने औत जोडायचं सुचवलं. पण दोर बांधणार कोण? आणि रक्ताच्या वासाने बैल बुजून मागे सरले ते सरलेच.

मुकुंदराव हात जोडून म्हणाले, "उमाजी, पोराच्या जानचा सवाल आहे. आज एक दिवस कर की."

"साहेब, तुम्ही धरता का?"

मुकुंदरावांना यंत्रावर कुणीतरी बोलावत असल्याचा भास झाला असावा. ते आत गेले.

मग मार सुरू झाला. पहिला घाव हिम्मतरावांनीच घातला, बाच्याच हातातली काठी हिसकावून. "तुझ्या भोंग्यानं वळू भडकला! तू मारलास माझ्या पोराला!" गड्यांनी बाला मुरमावर पाडलं. नडग्यांवर, पाठीवर, बरगड्यांवर. खाकी कोटाची बटणं तुटून उडाली. एकाने त्याच्या हाताच्या पंजावर टाच ठेवून फिरवली. आमची माणसं धावली तर हिम्मतरावांनी बंदुकीत काडतुसं घातली आणि त्यांच्यावर रोखली. मी ओरडले, "बा, वढ! मरतोय तो पोरगा! वढ अन् सुटू दे!" मला खरंच तसं वाटत होतं. सूर्यभानने माझं काय वाईट केलं होतं?

बाने तोंडातलं रक्त थुंकलं. "आज मी वढला," तो म्हणाला, "तर उद्या हाच पोरगा बरा हून माझ्या नातवाला वढाय लावंल."

त्यावर त्याच्या तोंडावर लाथ बसली. मला बापाचा राग आला आणि त्याच क्षणी त्याच्याइतका उंच माणूस मी पाहिला नाही असंही वाटलं. दोन्ही एकदम वाटतं, वाटू शकतं.

तेवढ्यात विमानाचा आवाज आला. दक्षिणेकडून ते खाली आलं, वळू बघून पुन्हा वर गेलं आणि नदीवरून वळसा घेऊ लागलं. गड्यांनी काठ्या थांबवून माना वर केल्या. कुणीही वळूकडे एक पाऊल टाकलं नाही. मी आजही डोळे मिटले की ती माणसं दिसतात, वर बघणारी, हात मोकळे असलेली.

पत्र्याच्या खोलीतून पार्वतीबाई बाहेर आली. कोपरापर्यंत हात रक्ताने भरलेले. आत मुकुंदरावांचे दोन्ही हात धरून तिने सूर्यभानच्या पोटावर ठेवले होते आणि सांगितलं होतं, "इथं दाबा. सोडलंत तर याद राखा." खोलीच्या भिंतीला टांगलेला जाड दोर तिने उचलला आणि सरळ माझ्याकडे आली. त्या बाईने उभा जन्म माझ्या सावलीपासून पदर सावरला होता.

"भामा, तू शिवू नको. नुसतं सांग. गाठ कुठं बांधू?"

माझ्या आज्याचं काम मी लहानपणी बघितलं होतं. मी दोन्ही हात पाठीमागे धरून सांगितलं, "मागच्या पायांना, पाटलीणबाई. खुरांच्या वर. दोन्ही पाय एकत्र घ्या, दोन वेढे द्या."

ती वळूच्या रक्तात गुडघे टेकून बसली. वेढे दिले, गाठ मारली, दोर खांद्यावरून घेतला आणि ओढायला लागली. हिम्मतराव ओरडले, "पार्वते! सोड! इटाळलीस तर घरात पाय ठेवू देनार न्हाई!" तिने ऐकलं नाही. पाय मुरमात घसरत होते. वळू तसूभरही हलला नाही. विमान दुसऱ्यांदा आलं आणि डोक्यावरून गेलं. ती दोर न सोडता रडायला लागली, मोठ्याने, लेकरासारखी.

तेव्हा माझा बाप उठला. कसा उठला ते मला कळलं नाही, एक पाय फरपटत होता. चालत जाऊन त्याने तिच्या मागे दोर धरला, ठेचलेल्या हाताने. मी म्हणाले, "बा, तू तर वढनार नव्हतास."

"मी म्हनलो होतो, त्यांनी धरला तर धरतो. त्यांनी धरला."

मग मी धरला. मग आमच्या वस्तीतले सगळे आले. आता बंदुकीची भीती कुणाला राहिली नव्हती. वळू हलला. मुरमावर रक्ताचा पट्टा उमटवत तो सरकू लागला, पहिल्यांदा हातभर, मग सलग.

हिम्मतरावांना मुलगा दिसत नव्हता, विमान दिसत नव्हतं. त्यांना दिसत होती एका दोराला लागलेली आपली बायको आणि तिच्या मागे उमाजी. ते धावत आले. गोळी झाडायला भान लागतं, तेवढंही त्यांना नव्हतं. बंदूक उलटी धरून त्यांनी दस्ता बाच्या डोक्यात घातला. लाकूड फुटल्यासारखा आवाज झाला. बाचे दोन्ही हात दोरावर होते. त्याने ते वर उचलले असते तर घाव हातांवर निभावला असता. त्याने दोर सोडला नाही. दुसरा घाव पडला आणि तो दोरावरच कोसळला. तिसरा घाव पार्वतीबाईच्या खांद्यावर बसला आणि तिचा उजवा हात लुळा पडला. तिने दोर डाव्या हाताला गुंडाळला आणि नवऱ्याच्या तोंडावर ओरडली, "मार! मला बी मार! तुमी वढा रे, वढा!"

आमच्यातल्या दोघांनी हिम्मतरावांना खाली पाडलं आणि बंदूक नदीत फेकली. बाकीच्यांनी ओढलं. बाला ओलांडून ओढलं, कारण थांबायला वेळ नव्हता. मीही ओलांडलं. वळू पट्टीच्या बाहेर उतारावर गेला आणि विमान तिसऱ्या घिरटीला उतरलं.

पायलटने एकदा आम्हा सगळ्यांकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. यंत्राच्या पेट्या तिथेच राहू दे म्हणाला. सूर्यभानला आडवं घातलं, शेजारी बाला. पार्वतीबाई मुलाशी, मी बापाशी. मुकुंदराव मागे बसून आपले लाल हात मांडीवर उताणे धरून राहिले. बाला विमानात बसायची फार हौस होती. चार वर्षं त्याने त्याच्यासाठी गुरं हाकलली होती आणि आत कधी डोकावलाही नव्हता. खाली गोदावरीच्या दोन धारा दिसल्या तेव्हा मी त्याच्या कानात सांगितलं, "बा, बघ." पण त्याचे डोळे उघडे असूनही तो बघत नव्हता. बेगमपेठेला उतरायच्या आधीच तो गेला.

सूर्यभान वाचला.

खटला झाला नाही. पहिली नोव्हेंबर उजाडली. अलीकडचं ठाणं म्हणालं, बेट पलीकडच्या राज्यात येतं. पलीकडचं म्हणालं, अलीकडच्या. पार्वतीबाईने गळ्यात हात बांधून दोन्ही ठाण्यांत जाऊन सांगितलं की माझ्या नवऱ्याने उमाजीला मारलं, माझ्या डोळ्यांदेखत. दोन्हीकडे तिला वेड्यात काढलं. हैदराबादेतच चिक्कडपल्लीला तिच्या दिराचं घर होतं. सूर्यभानला दवाखान्यातून तिकडे नेलं. दिराने तिला सांगितलं, उमाजी पाय घसरून पडला असं म्हण, शुद्ध करून घे, मग ये. तिने विचारलं, "कशाची शुद्धी? लेकरू वाचवल्याची?" आणि संध्याकाळी पिशवी घेऊन माझ्याकडे आली. मला दवाखान्यात आयाचं काम मिळालं होतं, मलकपेठेत एक खोली होती. ती उंबऱ्यात उभी राहिली. आत या म्हणण्याची वाट बघत होती. पाटलीणबाई माझ्या दारात!

तिचं तोंड बघून मला आधी संताप आला. तुझ्या नवऱ्याने माझा बाप मारला, आणि आता तुला मी रांधून घालू? हे मी तिला तोंडावर बोलले. ती म्हणाली, "मी रांधीन. तू कामाला जा." तेव्हापासून तीस वर्षं तिने रांधलं, एका हाताने. तिने दीक्षा घेतली नाही, तिची तुळस माझ्या गच्चीत होती आणि माझी बुद्धाची तसबीर आत. मी तिला माय म्हणायला कधी लागले, ते मला आठवत नाही. सूर्यभान शिकला, नोकरीला लागला, इथेच हिमायतनगरात घर बांधलं. दिवाळीला गड्याच्या हाती लुगडं पाठवायचा. माय ते लुगडं मला द्यायची. तो स्वतः आमच्या गल्लीत एकदाही आला नाही.

ती गेली त्या सकाळी मी त्याला निरोप पाठवला. तो आला, केस पांढरे झालेले, दोन तरणी मुलं बरोबर. मुलं कोपऱ्यावर स्कूटरपाशी थांबली. ताटी बांधून झाली होती, आमच्या गल्लीतली माणसं खांदा द्यायला उभी होती. सूर्यभान म्हणाला, "आमचे लोक येतायत. त्यांना नेऊ दे. तुम्ही लोकांनी कशाला..."

"तिला वाळीत टाकलं तेव्हा कुठे होते तुझे लोक?" मी म्हणाले. "तुझ्या पोटावर जो वण आहे ना, तो भरला कारण माझ्या बापाने दोर सोडला नाही. मी तुला नको म्हणत नाही. पण नेणार आम्ही. आमच्याबरोबर धरणार असलास तर धर, नाहीतर मुलांबरोबर तिकडे उभा राहा."

मी पुढे होऊन ताटीचा बांबू खांद्यावर घेतला. बायका खांदा देत नाहीत म्हणून गल्लीत कुजबूज झाली, होऊ दे. सूर्यभानने शर्टावरून पोट चाचपलं. मग एकदा वळून कोपऱ्यावरच्या मुलांकडे बघितलं. त्यांनी मान फिरवली.

"भामा," तो म्हणाला, "कुठं धरू?"

त्याची आई त्या दिवशी याच आवाजात बोलली होती.

"माझ्या मागे," मी म्हणाले.